साखर कमी केली की आइसकांडी दगडासारखी का होते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांची मुलगी उन्हाळ्यात रोज आइसकांडी मागते आणि विकतच्या कांडीतली साखर व रंग नकोत, म्हणून आपण त्या घरी करून पाहिल्या. पहिल्या खेपेला कलिंगडाचा रस गाळून, त्यात काहीही न घालता साच्यांत ओतला; कांडी इतकी कडक झाली की दात लागेना, आणि चोखता चोखता शेवटी काडीवर पांढरा, बेचव बर्फ राहिला. दुसऱ्या खेपेला दही आणि थोडा मध घेतला. चव आंबट झाली आणि खाताना बर्फाचे खडे लागत होते. आता साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरावी का, घरातल्या दहा महिन्यांच्या बाळाला ही कांडी चाटायला द्यावी का आणि मधुमेह असलेल्या सासऱ्यांना ती चालेल का, असे आपण विचारले आहे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे आहेत. पण आधी कांडी का बिघडली ते समजून घेतले, तर प्रत्येक फळासाठी वेगळी कृती शोधत बसावे लागणार नाही.

गोठवलेल्या पदार्थात साखर दोन कामे करते आणि ती कमी करताना आपल्याला त्यातले फक्त पहिले, म्हणजे गोडीचे, काम आठवते. दुसरे काम पोताचे आहे. शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. त्यात साखर विरघळलेली असेल तर बर्फाचे स्फटिक तयार होताना त्यांत फक्त पाणीच जाते, साखर बाहेर राहते. त्यामुळे उरलेले पाणी क्रमाक्रमाने अधिक गोड होत जाते आणि ते गोठायला अधिकाधिक थंडी लागते. घरातल्या फ्रीजरमध्ये साधारणपणे उणे १८ अंश तापमान असते आणि तेवढ्या थंडीतही स्फटिकांच्या मधल्या फटींत दाट पाकाचा काही अंश न गोठता तसाच राहतो. कांडीत दात शिरतो तो या पाकामुळे. कलिंगडाच्या १०० ग्रॅम गरात साखर जेमतेम ६ ग्रॅम आणि पाणी ९० ग्रॅमच्या वर असते, म्हणून त्याच्या नितळ रसाची कांडी ही जवळजवळ बर्फाची लादीच होते. शेवटी उरलेल्या पांढऱ्या बर्फाचे कारणही हेच: मिश्रण सावकाश गोठले की स्फटिक मोठे होतात, फटी रुंद होतात, आणि पहिल्या काही मिनिटांतच सगळा रंग व सगळी चव त्या फटींतून चोखून घेतली जाते.

येथे एक बारकावा उपयोगी पडतो. गोठणबिंदू किती खाली येईल हे विरघळलेल्या पदार्थाच्या वजनापेक्षा त्याच्या रेणूंच्या संख्येवर ठरते. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साधी साखर विरघळवली तर गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो. ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज घेतले तर तेवढ्याच घटीला १८० ग्रॅम पुरतात, कारण त्यांचा रेणू साखरेच्या रेणूच्या साधारण निम्म्या वजनाचा असतो. द्राक्षांतली साखर जवळजवळ सगळी याच दोन प्रकारांची असते, मधातलीही बहुतांश तशीच. म्हणूनच या दोन्ही गोष्टी वजनाच्या मानाने कांडी अधिक मऊ करतात. आपल्या दह्याच्या कांडीत मध होता, तरी ती खडेदार झाली, याचे कारण मधाचे प्रमाण अगदी थोडे आणि दह्यातले पाणी भरपूर, हे आहे. साध्या दह्यात ८५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते.

गोडीबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. थंड जिभेला गोड कमी जाणवते; साध्या तापमानाला अगदी बेताचे गोड लागणारे मिश्रण गोठल्यावर फिके वाटते, तर आंबटपणा थंडीत त्या मानाने टिकून राहतो. आपले दही गोठल्यावर अधिक आंबट वाटले, ते यामुळेच. यावर उपाय म्हणून पाककृतींमध्ये सरसकट जास्त साखर सांगितलेली असते. माझा आग्रह असा की, आधी मिश्रणाची परीक्षा थंडीतच घ्यावी. स्टीलची लहान ताटली फ्रीजरमध्ये गार करावी, तिच्यावर चमचाभर मिश्रण पातळ पसरावे आणि २० ते ३० मिनिटांनी ते खरवडून चाखावे. गोडी कमी आहे, आंबटपणा जास्त आहे की मुळात फळालाच चव नाही, हे तेवढ्यात कळते आणि सगळे साचे भरण्याआधी दुरुस्ती करता येते. पुष्कळदा असे दिसते की साखर वाढवण्याची गरजच नव्हती. चिमूटभर मीठ किंवा लिंबाचे चार थेंब पुरेसे होते. मिठाने कडवटपणा दबतो आणि फळाची गोडी वर येते.

आता मूळ मुद्दा. साखर कमी करायची असेल तर पोताचे काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावे लागते आणि त्यासाठी आपल्या हाताशी चार साधने आहेत: फळाचा गर, प्रथिने, स्निग्धांश आणि हवा.

यांत पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे साधन गर. रस गाळला की फळातला चोथा आणि त्याबरोबर बरेचसे पेक्टिन, म्हणजे फळाला दाटपणा देणारे तंतुमय द्रव्य, निघून जाते. हीच द्रव्ये पाणी धरून ठेवतात, स्फटिकांना मोठे होऊ देत नाहीत आणि पाक फटींतून लगेच निसटू देत नाहीत. म्हणून रसाऐवजी अख्ख्या फळाचा गर वापरावा आणि बियांखेरीज काहीही गाळू नये. आंबा, केळे, पीच, चिकू ही दाट गराची फळे याबाबतीत उदार आहेत. कलिंगड, संत्रे, अननस ही पाणीदार फळे एकटी वापरू नयेत, त्यांना एखाद्या दाट फळाची जोड द्यावी. पूर्ण पिकलेले केळे यासाठी फार उपयोगी आहे, कारण ते गोडीही देते आणि लोण्यासारखा गुळगुळीतपणाही; मात्र एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त झाले की प्रत्येक कांडी केळ्याचीच लागते. पाणीदार फळांत भिजवलेले चिया बीही चालते. एक कप मिश्रणाला एक मोठा चमचा बी घालून १५ ते २० मिनिटे ठेवले की त्याभोवती पाणी धरणारा थर तयार होतो. काही मुलांना ते दाताखाली आलेले आवडत नाही, तेव्हा वाटून घालावे. ग्वार गम (गवारीच्या बियांची पूड) यासारखा दाटपणा आणणारा पदार्थही हेच काम करतो, पण तो खरोखर चिमटीनेच घालायचा असतो. थोडा जास्त झाला तर कांडी चिकट व बुळबुळीत लागते, आणि घरगुती कामात मला त्याची क्वचितच गरज वाटते.

प्रथिने आणि स्निग्धांश यांचे काम दुधाळ कांडीत दिसते. दही घ्यायचे तर साधे न घेता त्याचा चक्का घ्यावा. अर्धा किलो दही स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधून फ्रीजमध्ये तीन-चार तास टांगले तर साधारण निम्मा चक्का राहतो. निथळलेल्या पाण्याबरोबर थोडा आंबटपणाही जातो आणि उरलेल्या भागात प्रथिनांचे प्रमाण वाढते. चक्का साईच्या दुधाच्या दह्याचा असावा. साय काढलेल्या दुधाचे दही ‘आरोग्यासाठी’ म्हणून निवडले जाते, पण त्यामुळे कांडी खडबडीत होते, मग ती खाण्याजोगी व्हावी म्हणून साखर वाढवली जाते. हा व्यवहार तोट्याचा आहे. नारळाचे घट्ट दूध, काजूची किंवा बदामाची गुळगुळीत पेस्ट यांनीही हाच परिणाम साधतो. मात्र न शिजवलेला अननस, किवी किंवा पपई दुधात वा दह्यात घालून ठेवू नये. या फळांतील विकरे (एन्झाइम) दुधातली प्रथिने तोडतात आणि मिश्रण काही वेळाने कडू होते. गोठवल्याने त्यांचे काम मंदावते, पण ती नष्ट होत नाहीत. अननस वापरायचाच असेल तर त्याच्या फोडी पाच मिनिटे उकळत्या वाफेवर शिजवून, पूर्ण गार करून मग घालाव्यात.

हवेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मिश्रण मिक्सरमध्ये शेवटी अर्धा मिनिट वेगाने फिरवले तर त्यात बारीक बुडबुडे मिसळतात आणि कांडी हलकी होते. दाट मिश्रणात ते टिकतात, पातळ रसात वर येऊन फुटतात; म्हणजे हवा हे साधन पहिल्या तिघांच्या आधारानेच चालते.

‘आरोग्यदायी’ या शब्दाचा हिशेबही येथेच मांडणे बरे, कारण त्याबाबत बरेच गैरसमज आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शनानुसार मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांखाली आणल्यास अधिक लाभ होऊ शकतो. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढासाठी हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५० आणि २५ ग्रॅम होते. लहान मुलांची गरज कमी, म्हणून त्यांची मर्यादाही कमी. या ‘मुक्त साखरे’त वरून घातलेली साखर येतेच, पण मध, सर्व प्रकारचे पाक आणि फळांचे रसही येतात. म्हणजे साखरेऐवजी मध घातला म्हणून कांडी आरोग्यदायी झाली असे होत नाही, आणि गाळलेला रस ‘नैसर्गिक’ असला तरी त्यातली साखर याच खात्यात जमा होते. अख्ख्या फळातली साखर त्यात धरली जात नाही. वाटलेल्या गराचे काय, याबाबत मात्र एकवाक्यता नाही. ब्रिटनमध्ये वापरली जाणारी व्याख्या वाटलेल्या फळांतली साखरही मुक्त साखरेत धरते, कारण वाटताना पेशींच्या भिंती फुटतात. मी यातून व्यवहारापुरता एवढाच बोध घेते की फळाचा काही भाग न वाटता बारीक फोडींच्या रूपात ठेवावा आणि कांडी लहान असावी.

आकडा समोर असला की निर्णय सोपा होतो. साखरेचा पाक आणि रंग यांची कांडी घ्या. मिश्रणात १८ टक्के साखर असेल तर ८० ग्रॅमच्या एका कांडीतून सुमारे १४ ग्रॅम साखर जाते, आणि ती सगळी वरून घातलेली. त्याच मिश्रणाची ५० ग्रॅमची कांडी केली तर ती ९ ग्रॅमवर येते. साचा लहान घेणे हा सर्वांत सोपा आणि मुलांच्या लक्षातही न येणारा उपाय आहे. मुलाला काडी धरून चोखायचे असते, किती मिलिलिटर ते त्याला मोजायचे नसते. घरगुती गराच्या कांडीसाठी एकूण साखर, म्हणजे फळाची आणि वरून घातलेली मिळून, १० ते १४ टक्के असावी असे मी धरून चालते. १०० ग्रॅम आंब्यात साधारण १४ ग्रॅम, केळ्यात १२, द्राक्षांत १५, अननसात १०, कलिंगडात ६ आणि स्ट्रॉबेरीत ५ ग्रॅम साखर असते. त्यामुळे आंब्याला किंवा द्राक्षांना वरून काही लागत नाही, आणि स्ट्रॉबेरीला लागते. फळ जितके पिकलेले, तितके बरे. किंचित सुरकुतलेले, डाग पडू लागलेले पण न नासलेले फळ या कामासाठी उत्तम असते.

प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आंब्याची कांडी अशी करावी: ३०० ग्रॅम आंब्याचा गर, १५० ग्रॅम चक्का, एक लहान पूर्ण पिकलेले केळे, एक लहान चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. केळे आणि लिंबू आधी एकत्र वाटावे, म्हणजे केळे काळे पडत नाही; मग दोनतृतीयांश गर घालून फिरवावे, शेवटी चक्का घालून फक्त मिसळेपर्यंत फिरवावे आणि उरलेला गर बारीक फोडींच्या रूपात हाताने ढवळून घालावा. ६० मिलिलिटरचे साधारण नऊ साचे भरतात. एका कांडीत सुमारे ६ ते ७ ग्रॅम साखर येते, आणि ती आंबा, केळे व दही यांचीच. वरून घातलेली काहीच नाही. ही कांडी फ्रीजरमधून काढल्यावर दोन मिनिटांत चावता येते.

कलिंगडाला अधिक मेहनत लागते, पण मुलीला तेच आवडत असेल तर ती करण्याजोगी आहे. २०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचे अर्धे तुकडे करून त्यांवर एक मोठा चमचा साखर भुरभुरावी आणि ओव्हनमध्ये १८० अंशांवर २० ते २५ मिनिटे, किंवा जाड बुडाच्या पसरट भांड्यात मंद आचेवर, रस आटून दाट होईपर्यंत ठेवावे. यात पाणी कमी होते आणि चव एकवटते. ते गार करून ३०० ग्रॅम कलिंगडाच्या गराबरोबर वाटावे, लिंबू पिळावे आणि भिजवलेले चिया घालावे. आता या मिश्रणाचा निम्मा भाग बर्फाच्या ट्रेमध्ये पूर्ण गोठवावा आणि निम्मा फ्रीजमध्ये खूप गार करून ठेवावा. दुसऱ्या दिवशी गोठलेले खडे आणि गार मिश्रण मिक्सरमध्ये एकत्र फिरवले की दाट, भुसभुशीत लगदा होतो. तो चमच्याने साच्यांत दाबून भरावा आणि लगेच फ्रीजरमध्ये ठेवावा. या लगद्यात लाखो बारीक स्फटिक आधीच तयार असतात, त्यामुळे उरलेले पाणी त्यांच्याभोवती थोडे थोडे गोठते आणि मोठे स्फटिक वाढायला वावच राहत नाही. लगदा साच्यात भरताना त्याचा आवाज ओल्या वाळूसारखा येतो; तो पातळ होऊन वाहू लागला असेल तर फिरवणे जास्त झाले, अशा वेळी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून पुन्हा ढवळावे. कोणत्याही पाणीदार फळासाठी ही दुहेरी पद्धत चालते. काकडी-पुदिना, किंवा संत्रे-गाजर, अशा कांड्याही याच मार्गाने बऱ्या होतात. पालक, बीट वगैरे भाज्या लपवून घालण्याचा उत्साह मात्र आवरता घ्यावा. मुलाला एकदा शंका आली की पुढच्या सगळ्या हिरव्या-लाल कांड्यांवर बहिष्कार पडतो.

गोठवण्याचा वेग हा निम्मा विजय आहे. मिश्रण साच्यात भरण्याआधी फ्रीजमध्ये पूर्ण गार करावे, कोमट मिश्रण कधीही ठेवू नये. फ्रीजर आदल्या रात्रीपासून सर्वांत थंड मापावर ठेवावा आणि साचे दारापासून दूर, मागच्या भिंतीजवळ, शक्यतो आधीच गार केलेल्या धातूच्या ताटावर, एकमेकांपासून थोडे अंतर सोडून ठेवावेत. स्टीलच्या साच्यात कांडी लवकर गोठते, सिलिकॉनच्या साच्यात सावकाश गोठते पण सहज निघते. काचेचे अरुंद पेले वापरू नयेत; पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि काच तडकते. याच कारणाने कोणताही साचा काठोकाठ न भरता वर अर्धा सेंटिमीटर जागा ठेवावी. लाकडी काड्या पातळ मिश्रणात तरंगतात, म्हणून त्या आधी पाण्यात १५ मिनिटे भिजवाव्यात, किंवा साच्यावर फॉइल ताणून, त्याला बारीक चीर देऊन तिच्यातून काडी उभी करावी. लहान साच्यांना पाच-सहा तास पुरतात, तरी रात्रभर ठेवणेच बरे. काढताना साचा साध्या किंवा किंचित कोमट पाण्यात १० ते १५ सेकंद धरावा. गरम पाण्याने बाहेरचा थर वितळतो आणि पुन्हा गोठताना त्यावर बर्फाचे टणक कवच येते.

बाळाबद्दल आपण विचारले आहे, आणि याचे उत्तर मी कोणतीही सवलत न ठेवता देते. एक वर्षाखालील बाळाला मध घातलेली कांडी चाटायलाही देऊ नये. मधात असू शकणारे बोटुलिनम या जंतूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात आणि गोठवल्याने ते मरत नाहीत. वरून घातलेली साखरही दोन वर्षांपर्यंत टाळावी. बाळाने आधी खाल्लेल्या आणि त्याला सोसलेल्या फळाचा गर, काही न घालता, अगदी लहान साच्यात गोठवून, मोठ्या माणसाने हातात धरून चाखवता येतो. हिरड्या शिवशिवत असतील तर त्याने बरे वाटते. चार वर्षांखालील मुलांच्या कांडीत अख्खी द्राक्षे, सुकामेव्याचे तुकडे किंवा फळांच्या टणक फोडी असू नयेत. आणि सात वर्षांच्या मुलीनेही काडी तोंडात धरून पळू नये, बसूनच खावे.

गोठवणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे, हे मोठ्यांच्याही लक्षात असावे. फ्रीजरमध्ये बहुतेक जंतूंची वाढ थांबते, पण त्यांतले पुष्कळ जिवंत राहतात आणि कांडी वितळली की पुन्हा कामाला लागतात. म्हणून फळ चिरण्याआधी साल काढायची असली तरीही धुवावे, दूध पाश्चरीकृत किंवा उकळलेले असावे, पाणी पिण्याजोगे असावे, साचे गरम पाण्याने धुऊन वाळवलेले असावेत. वीज जाऊन वितळलेली दुधाची कांडी पुन्हा गोठवू नये.

दातांचा विचार साखरेइतकाच आंबटपणासाठीही करावा लागतो. आंबट-गोड कांडी १५ मिनिटे चोखत राहिल्याने आम्ल आणि साखर दोन्ही दातांवर बराच वेळ राहतात. दिवसात तीनदा थोडी थोडी देण्यापेक्षा एकदाच, जेवणानंतर द्यावी, वर पाणी प्यायला लावावे आणि लगेच दात घासायला लावू नये. अर्धा तास जाऊ द्यावा.

कृत्रिम गोडीविषयी माझे मत प्रतिकूल आहे, आणि त्याचे पहिले कारण पाकशास्त्रातले आहे. स्टीव्हिया किंवा सुक्रॅलोज इतके तीव्र गोड असतात की त्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये पडते. त्यामुळे गोडी येते, पण साखरेचे पोताचे काम करायला कुणीच उरत नाही आणि कांडी आपल्या पहिल्या कलिंगडाच्या कांडीसारखीच होते, फक्त गोड. झायलिटॉल, एरिथ्रिटॉल ही ‘शुगर अल्कोहोल’ वर्गातली गोड द्रव्ये कांडी मऊ करू शकतात, परंतु जास्त प्रमाणात पोटात गडबड करतात, लहान मुलांत तर लवकरच; एरिथ्रिटॉल थंडीत पुन्हा स्फटिकरूप होऊन कचकचते, आणि झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे, तेव्हा घरात कुत्रा असेल तर ते आणूच नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी साखरविरहित गोड द्रव्ये वापरू नयेत असा सल्ला दिला आहे. तो आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही. मुलांच्या बाबतीत मला याहून साधा विचार महत्त्वाचा वाटतो: आज अतिगोड चवीची सवय लागली की उद्या साधे फळ फिके वाटते. गोडी हळूहळू कमी करावी, दर खेपेला थोडी, म्हणजे जीभ बदलाशी जुळवून घेते.

सासऱ्यांच्या कांडीसाठी हाच हिशेब वेगळ्या खात्यात मांडावा लागतो. त्यांच्या रक्तातील साखरेच्या दृष्टीने फळातली साखर आणि वरून घातलेली साखर यांत फार मोठे अंतर नाही. दोन्ही कर्बोदकेच आहेत आणि ‘साखर न घातलेली’ असे म्हणून मोठी कांडी दिली तर तीही महागात पडू शकते. वर सांगितलेल्या आंब्याच्या कांडीत सुमारे ६ ते ७ ग्रॅम साखर आहे. ती एक कांडी, जेवणातले तेवढे कर्बोदक कमी करून, बहुतेकांना बसवता येते, मात्र औषधे किंवा इन्सुलिन चालू असल्याने किती आणि केव्हा हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्यांच्यासाठी आंब्याऐवजी स्ट्रॉबेरी घ्यावी, केळे वगळावे, चक्क्याचे प्रमाण फळाइतकेच करावे आणि पोतासाठी दोन मोठे चमचे बदामाची पेस्ट घालावी. प्रथिने व स्निग्धांश असल्याने साखर सावकाश शोषली जाते. गोडी कमी वाटली तर येथे स्टीव्हियाचे दोन-तीन थेंब घालण्यास माझी हरकत नाही, कारण मऊपणाचे काम बदाम आणि चक्का करत असतात. त्यांच्या कांड्यांचा साचा वेगळ्या आकाराचा घ्यावा, म्हणजे फ्रीजरमध्ये अदलाबदल होत नाही.

साठवणुकीचे थोडेच सांगायचे आहे. साच्यातून काढलेल्या कांड्या बटर पेपर अंथरलेल्या ताटात सुट्या ठेवून अर्धा तास पुन्हा गोठवाव्यात, मग प्रत्येक कागदात गुंडाळून, हवा काढलेल्या पिशवीत बंद कराव्यात आणि वर तारीख लिहावी. उघड्या ठेवल्या तर बर्फ हळूहळू थेट वाफ होऊन उडतो, पृष्ठभाग कोरडा व खरखरीत होतो आणि शेजारच्या पदार्थांचे वास कांडीत उतरतात. फळांच्या कांड्या महिनाभर, दुधाळ कांड्या दोन आठवडे चांगल्या राहतात. मुलीला देताना ती फ्रीजरमधून काढून दोन मिनिटे बाहेर ठेवावी. अतिथंड कांडी ओठांना चिकटते आणि चवही नीट लागत नाही.